ज्यू कोण, हे ठरवायचं कुणी?

लंडनमधल्या जेएफएस या जुन्या, नावाजलेल्या ज्यू शाळेने २००७ साली एका मुलाचा प्रवेश अर्ज नामंजूर केला. मुलगा आपल्या सिनेगॉगमध्ये नेमाने प्रार्थनेला जाणारा. वडील जन्माने ज्यू. आई मूळची इटालियन कॅथलिक, पण तिने मुलाच्या जन्माआधीच रीतसर धर्मांतर करून ज्यू धर्म स्वीकारला होता. अडचण एकच होती. तिचं धर्मांतर करवणारे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुने धर्मनियम तसेच पाळणाऱ्या प्रवाहाचे, नव्हते. शाळा मात्र ऑर्थोडॉक्स चीफ रब्बींच्या कार्यालयाचा निकष लावत असे. त्या कार्यालयाच्या लेखी आईचं धर्मांतर झालेलंच नव्हतं, त्यामुळे ती ज्यू नाही आणि तिच्या पोटचा मुलगाही नाही. उलट, ज्या घरात कुणी देवाचं नावही घेत नाही अशा घरातल्या मुलाला, त्याची आई ऑर्थोडॉक्स नियमाने ज्यू असेल तर, त्याच शाळेचं दार उघडं होतं.

प्रकरण ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात गेलं. डिसेंबर २००९ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल लागला: आईच्या वंशावरून मुलाला ज्यू ठरवणं किंवा न ठरवणं हा कायद्याच्या नजरेत वांशिक भेदभाव आहे. शाळेने वाईट हेतूने काही केलं, असं न्यायाधीशांनी म्हटलं नाही. पण निकष बदलावा लागला. पुढे मूल किती वेळा सिनेगॉगला जातं, धर्मशिक्षण घेतं का, अशा गोष्टी पाहून प्रवेश देणं सुरू झालं. ऑर्थोडॉक्स मंडळींना हा निकाल फार लागला. त्यांचं म्हणणं असं की ज्यू असणं हे प्रार्थनेच्या हजेरीवरून मोजायची गोष्टच नाही.

‘ज्यू कोण?’ हा प्रश्न एक वाटतो, पण त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. माणूस ज्यू कशामुळे होतो, हा पहिला. आणि तो तसा झाला की नाही, याबद्दल शब्द कुणाचा प्रमाण, हा दुसरा. पुस्तकांत पहिल्या प्रश्नावर बरंच लिहिलेलं सापडतं. खरी भांडणं, कोर्टकचेऱ्या आणि अश्रू बहुतेक वेळा दुसऱ्यापायी झाले आहेत, असं माझं मत आहे. ते का, हे कळायला आधी पहिला प्रश्न समजून घेऊ.

ज्यू हा एकाच वेळी धर्मही आहे आणि एक लोकसमूहही. आपल्याकडे देवळाची पायरी न चढणारा माणूसही स्वतःला आणि इतरांना हिंदूच वाटतो, तसा देव न मानणारा ज्यूही ज्यूच असतो. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०२० मध्ये केलेल्या पाहणीत २७ टक्के प्रौढ ज्यूंनी आपला धर्म ‘कोणताही नाही’ असं सांगितलं, तरी ते स्वतःला ज्यू म्हणवत होते. धर्म बदलता येतो, सोडता येतो. जन्म घेतलेला समाज असा सोडता येत नाही. ज्यू ओळखीचे सगळे पेच या दोन गोष्टींच्या सांध्यावर तयार होतात.

पारंपरिक नियम हलाखा या धर्मशास्त्रातून येतो आणि तो सांगायला सोपा आहे. आई ज्यू असेल तर मूल ज्यू. नाहीतर माणसाने धर्मशास्त्राप्रमाणे धर्मांतर केलेलं असावं. वडील कोण, याने काही फरक पडत नाही. हा नियम मिश्नामध्ये, म्हणजे इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ग्रंथात स्पष्टपणे येतो आणि तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, त्याला तोरातल्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतल्या, वचनांचा आधार देतो. गंमत अशी की तोरामध्ये वंश चालतो तो वडिलांकडूनच. योसेफाची बायको इजिप्शियन पुरोहिताची मुलगी, मोशेची बायको मिद्यानी. पण त्यांच्या मुलांच्या इस्राएली असण्यावर कुणी शंका घेत नाही. एज्राच्या ग्रंथात मात्र परदेशी बायका आणि त्यांची मुलं यांना दूर करण्याचा प्रसंग येतो. मधल्या काळात केव्हातरी वळण बदललं. का बदललं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ‘आई कोण हे नक्की माहीत असतं, बाप कोण हे नसतं’ हे उत्तर आपण सगळीकडे ऐकतो, पण ते मला पटत नाही. कारण त्याच हलाखामध्ये कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्याचा दर्जा आजही वडिलांकडूनच मिळतो. बापाबद्दल एवढी शंका असती तर पुरोहितपण त्याच्या हवाली कुणी केलं नसतं.

धर्मांतराची वाट आहे, पण ती मुद्दाम खडतर ठेवलेली आहे. ज्यू धर्म प्रचार करत फिरत नाही. तालमूदमध्ये सांगितलंय की कुणी धर्मांतर करायला आला तर त्याला आधी विचारा: बाबा रे, या लोकांना आज किती छळ सोसावा लागतोय हे तुला ठाऊक नाही का? त्यावर तो ‘ठाऊक आहे, आणि मी त्याही योग्यतेचा नाही’ असं म्हणाला तरच पुढे जायचं. मग काही हलक्या आणि काही कठीण आज्ञा त्याला समजावून सांगायच्या. पुरुष असेल तर सुंता. त्यानंतर मिकवेह या विधीच्या कुंडात पूर्ण बुडी, एकही केस पाण्याबाहेर राहता कामा नये. हे सगळं तीन जणांच्या धर्मपीठासमोर, ज्याला बेत दिन म्हणतात. बुडी मारून वर आलेला माणूस सर्वार्थाने ज्यू. दावीद राजाची पणजी रूथ ही अशीच बाहेरून आलेली मवाबी स्त्री होती, त्यामुळे धर्मांतरित माणसाला कमी लेखायला परंपरेत जागा नाही. एक अपवाद आहे: कोहेन घराण्यातल्या पुरुषाला धर्मांतरित स्त्रीशी लग्न करता येत नाही.

आणि एकदा आत आलेल्याला, किंवा आत जन्मलेल्याला, बाहेरची वाट नाही. ‘पाप केलं तरी तो इस्राएलच’ असं तालमूद म्हणतो. चर्चमध्ये गेलेला, बाप्तिस्मा घेतलेला ज्यू ऑर्थोडॉक्स दृष्टीने पथभ्रष्ट ज्यू असतो, पण ज्यू असतो.

ऑर्थोडॉक्स प्रवाह आजही या चौकटीत आहे. त्यांच्यात आतल्या आत वाद आहेत, पण ते व्याख्येवर नाहीत. धर्मांतर करणाऱ्याने सगळ्या आज्ञा पाळायचं वचन किती मनापासून दिलं पाहिजे, आणि नंतर त्याने शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, मोडला तर आधीचं धर्मांतर रद्द समजायचं का, यावर आहेत. ऑर्थोडॉक्सांतले सर्वांत कठोर, म्हणजे हरेदी रब्बी, आधुनिक जगण्याशी जुळवून घेणाऱ्या मॉडर्न ऑर्थोडॉक्स रब्बीने केलेलं धर्मांतरही नाकारतात, असं घडलेलं आहे. म्हणजे ‘शब्द कुणाचा?’ हा प्रश्न ऑर्थोडॉक्स घरातही सुटलेला नाही.

रिफॉर्म चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत उभी राहिली आणि अमेरिकेत फोफावली. ज्यूंना नागरिकत्वाचे हक्क मिळू लागले होते. शेजाऱ्यांसारखं आधुनिक जगायचं आणि ज्यूही राहायचं, तर जुन्या नियमांतलं काय ठेवावं आणि काय सोडावं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. १८८५ च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यात अमेरिकन रिफॉर्म रब्बींनी सांगून टाकलं की आम्ही आता राष्ट्र नाही, धर्मसमुदाय आहोत. (पुढे १९३७ मध्ये त्यांनी स्वतःच ही भूमिका बरीच मवाळ केली.) धर्म हीच ओळख मानली, की जन्मापेक्षा आचाराला वजन येतं. त्या विचाराचं फळ म्हणजे १५ मार्च १९८३ चा ठराव.

हा ठराव बहुतेक ठिकाणी अर्धवट सांगितला जातो. ‘रिफॉर्मवाले वडील ज्यू असले तरी मुलाला ज्यू मानतात’ एवढंच सांगून लोक थांबतात. ठरावात दोन भाग आहेत. आईवडिलांपैकी कुणीही एक ज्यू असेल तर मूल ज्यू असल्याचं गृहीत धरावं, हा पहिला. पण ते गृहीतक पक्कं व्हायला योग्य वेळी, जाहीरपणे ज्यू ओळख स्वीकारणारी कृत्यं झाली पाहिजेत, हा दुसरा. नामकरण, सुंता, तोराचा अभ्यास, बार मिट्झवा किंवा बात मिट्झवा (मुलगा किंवा मुलगी वयात आल्याचा विधी) अशी ती कृत्यं.

आता दोन काल्पनिक मुली घेऊ. पहिलीचे वडील ज्यू, आई ख्रिश्चन. ती शब्बाथच्या मेणबत्त्या लावत वाढली, तेराव्या वर्षी सिनेगॉगमध्ये तोरा वाचली. दुसरीची आई ज्यू, वडील ख्रिश्चन. ती चर्चमध्ये वाढली, ज्यू सणांशी तिचा संबंध आला नाही. ऑर्थोडॉक्स रब्बीच्या हिशेबाने पहिली ज्यू नाही, दुसरी आहे. अमेरिकन रिफॉर्म रब्बीच्या हिशेबाने नेमकं उलट. म्हणजे रिफॉर्म सैल आणि ऑर्थोडॉक्स कडक, अशी जी सोपी मांडणी केली जाते ती इथे कोसळते. दोघंही एका जागी सैल आहेत, दुसऱ्या जागी कडक. फक्त जागा वेगवेगळ्या आहेत.

१९८३ मध्येच हे का घडलं, त्याला कारण आहे. अमेरिकेत ज्यू आणि बिगर-ज्यू लग्नं झपाट्याने वाढत होती. रिफॉर्मचे नेते रब्बी अलेक्झांडर शिंडलर यांनी १९७८ पासूनच असा आग्रह धरला होता की या जोडप्यांना दूर लोटू नका, त्यांच्या मुलांना आत घ्या. त्यानंतर हे प्रमाण आणखी वाढलं. प्यूच्या त्याच पाहणीनुसार २०१० नंतर लग्न झालेल्या अमेरिकन ज्यूंपैकी ६१ टक्क्यांचे जोडीदार बिगर-ज्यू आहेत. टीकाकार म्हणाले की या ठरावामुळे ज्यू समाज दुभंगेल, एकमेकांत लग्नं अशक्य होतील. तो धोका खोटा नाही. पण ज्या मुलांना सिनेगॉगने आपलं म्हटलं, त्यांच्या बाजूने पाहिलं तर शिंडलर यांची कळकळ मला समजते.

रिकन्स्ट्रक्शनिस्ट या छोट्या अमेरिकन प्रवाहाने असाच निर्णय १९६८ मध्येच घेतला होता. ब्रिटनमधला लिबरल प्रवाहही त्याच बाजूचा. कन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे अमेरिकेबाहेर मसोर्ती म्हणून ओळखला जाणारा प्रवाह, मधला आहे: हलाखा बंधनकारक मानतो, पण ती काळाबरोबर उलगडत जाते असंही मानतो. स्त्रिया तिथे रब्बी होतात. आईचा नियम मात्र त्यांनी सोडलेला नाही. वडील ज्यू असलेल्या मुलाला ते प्रेमाने बोलावतात, आणि मिकवेहमध्ये बुडी मारून या, असं सांगतात. ह्युमनिस्टिक ज्यू, ज्यांची सुरुवात १९६३ मध्ये मिशिगनमध्ये झाली, ते देवाशिवायची ज्यू संस्कृती मानतात आणि जो स्वतःला ज्यू इतिहासाशी जोडून घेतो त्याला ज्यू म्हणतात. दुसऱ्या टोकाला कराईट आहेत. हा प्राचीन पंथ तालमूद प्रमाण मानत नाही, थेट बायबल वाचतो. आणि म्हणूनच त्यांच्यात वंश वडिलांकडून चालतो. परंपरेच्या नावाने सगळे आईकडेच बोट दाखवतात असं समजणाऱ्यांनी कराईटांची आठवण ठेवावी.

आतापर्यंतची चर्चा धर्मपीठांची झाली. १९४८ मध्ये इस्राएल स्थापन झालं आणि शब्द कुणाचा प्रमाण, या प्रश्नात सरकार उतरलं. १९५० च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक ज्यूला इस्राएलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला, पण ज्यू म्हणजे कोण हे त्या कायद्यात लिहिलंच नव्हतं. १९५८ मध्ये गृहमंत्र्यांनी आदेश काढला की कुणी प्रामाणिकपणे ‘मी ज्यू’ म्हणाला तर तशी नोंद करावी. धार्मिक पक्ष सरकारमधून बाहेर पडला. पंतप्रधान बेन गुरियन यांनी जगभरच्या सुमारे पन्नास ज्यू विद्वानांना पत्रं लिहून मत विचारलं. एखाद्या देशाच्या पंतप्रधानाने आपल्या लोकांची व्याख्या पत्रं पाठवून मागवावी, यावरून प्रश्न किती नाजूक होता ते कळतं.

मग आलं ब्रदर डॅनियल यांचं प्रकरण. ओस्वाल्ड रुफायझन हा पोलंडचा ज्यू तरुण. दुसऱ्या महायुद्धात त्याने आपली ओळख लपवून मीर गावच्या वस्तीतल्या अनेक ज्यूंचे जीव वाचवले. नंतर एका मठात लपला असताना तो कॅथलिक झाला, पुढे कार्मेलाइट साधू झाला, आणि इस्राएलला येऊन म्हणाला: माझा धर्म कॅथलिक, माझं राष्ट्र ज्यू, मला परतीच्या कायद्याने घ्या. हलाखाप्रमाणे तो ज्यूच होता. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मात्र ‘नाही’ म्हटलं, आणि त्यासाठी हलाखाचा आधार घेतला नाही. सामान्य ज्यू माणसाच्या समजुतीप्रमाणे, दुसरा धर्म स्वीकारलेला साधू ज्यू म्हणवला जात नाही, असं कोर्टाचं म्हणणं. धर्मनिरपेक्ष कोर्ट इथे धर्मशास्त्रापेक्षा कडक ठरलं. डॅनियल नंतर सर्वसाधारण मार्गाने नागरिक झाले आणि शेवटपर्यंत इस्राएलमध्येच राहिले.

१९७० मध्ये बेन्यामिन शालित या नौदल अधिकाऱ्याने, बायको ज्यू नसताना, आपल्या मुलांची ‘राष्ट्रीयत्व: ज्यू’ अशी नोंद पाच विरुद्ध चार मतांनी जिंकली. गदारोळ झाला आणि काही आठवड्यांत संसदेने कायदा दुरुस्त केला. आईकडून ज्यू किंवा धर्मांतरित, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला, तो ज्यू. पण त्याच दुरुस्तीने परतीचा हक्क ज्यू माणसाच्या मुलांना, नातवंडांना आणि त्यांच्या जोडीदारांनाही दिला. त्यामुळे इस्राएलमध्ये एक विचित्र स्थिती कायमची निर्माण झाली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर सुमारे दहा लाख माणसं आली, त्यांतले लाखो जण आजोबा ज्यू म्हणून आले, पण स्वतः हलाखाने ज्यू नव्हते. ते कर भरतात, सैन्यात जातात. लग्न करायचं तर मात्र पंचाईत, कारण तिथे ज्यूंची लग्नं रब्बिनेट या सरकारमान्य ऑर्थोडॉक्स धर्मपीठाच्याच हातात आहेत आणि नागरी विवाहाची सोय नाही. मग जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि परत येऊन नोंद करून घेतात. १ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने नागरिकत्वापुरती, इस्राएलमध्ये झालेली रिफॉर्म आणि कन्झर्व्हेटिव्ह धर्मांतरं मान्य केली. लग्नाच्या बाबतीत रब्बिनेटचा शब्द तसाच राहिला.

या सगळ्याची झळ मराठी बोलणाऱ्या ज्यूंना जितकी बसली तितकी फार थोड्यांना बसली असेल. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून आले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. शतकानुशतकं बाकीच्या ज्यू जगाशी त्यांचा संपर्क नव्हता. ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते. टिकलं ते एवढं: आठव्या दिवशी सुंता, शनिवारी घाणा बंद (म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत), खवले आणि पर नसलेला मासा वर्ज्य, आणि ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना. जन्मापासून मृत्यूपर्यंत प्रत्येक प्रसंगाला एकच प्रार्थना. शुभकार्याला मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं, आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया या प्रेषिताचं नाव.

यातले बहुतेक लोक १९४८ नंतर इस्राएलला गेले. तिथे काही रब्बींनी त्यांची लग्नं लावायला नकार दिला. कारण धर्मशास्त्रातलं आहे आणि ते नीट समजून घ्यावं लागतं. धर्मसंमत घटस्फोटपत्राशिवाय एखाद्या विवाहितेने दुसरं लग्न केलं तर त्या दुसऱ्या संबंधातल्या मुलांवर असा डाग लागतो की त्यांना इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही, आणि तो डाग पुढच्या पिढ्यांवरही उतरतो. बेने इस्राएलांना कित्येक शतकं हा घटस्फोटाचा नियमच माहीत नव्हता, मग मागे कधी असं घडलं नसेल कशावरून, असा त्या रब्बींचा सवाल. आणि मागे कधी बाहेरच्या बायका घरात आल्या नसतील कशावरून, हा दुसरा. १९६१ मध्ये रब्बिनेटने निर्णय दिला की बेने इस्राएल ज्यूच आहेत, त्यांच्याशी लग्नाला हरकत नाही. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये लग्न लावणाऱ्या रब्बींसाठी सूचना निघाल्या: वधू-वर बेने इस्राएल असेल तर आईकडच्या पिढ्या जमेल तितक्या मागे जाऊन तपासा. बाकी कुणासाठी नाही, नाव घेऊन फक्त यांच्यासाठी.

ज्या समाजाने कोकणात कुणीही बघत नसताना शनिवारी घाणा बंद ठेवला, त्याच्याकडे ज्यू देशात पणजीचा पुरावा मागावा, हा अन्याय होता. तो त्यांनी निमूट सोसला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्राएल कुटुंबं जेरुसलेमला आली आणि आंदोलनाला बसली. १७ ऑगस्टला संसदेची खास बैठक भरली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतीत ज्यू आहेत, इतर ज्यूंहून त्यांच्यात काही फरक नाही. महिनाअखेरीस रब्बिनेटने सूचनांमधून त्यांचं नाव काढलं. तिथे ‘ज्यांच्या कौटुंबिक स्थितीबद्दल शंका असेल असा कुणीही’ असे शब्द घातले. नियम राहिला, बोट दाखवणं गेलं. पुढे इथिओपियातून आलेल्या ज्यूंनाही हेच भोगावं लागलं. सेफार्दी चीफ रब्बी ओवादिया योसेफ यांनी १९७३ मध्ये त्यांना ज्यू ठरवलं होतं, तरी ऐंशीच्या दशकात रब्बिनेटने त्यांना प्रतीकात्मक बुडी मारायला सांगितली, आणि तेही रस्त्यावर उतरले.

मुंबईत मात्र बेने इस्राएलांमधूनच एक वेगळी वाट निघाली होती. कामा हॉस्पिटलच्या प्रसिद्ध स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड लंडनला शिकत असताना तिथल्या लिबरल ज्यू मंडळींच्या संपर्कात आल्या. परतल्यावर १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू केली. तिचंच पुढे रोदेफ शालोम हे सिनेगॉग झालं. स्त्री-पुरुष एकत्र बसून प्रार्थना करतात अशी ती सभा. त्याच शहरात सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ चं शाआर हारहमीम सिनेगॉग जुन्या रीतीने चालत आलेलं आहे. धर्मशास्त्राच्या वाचनात या दोन घरांमध्ये बरंच अंतर आहे. पण एलियाहू हन्नाबीचा मलिदा दोन्हीकडच्या बेने इस्राएल घरांत होतो, आणि पेणकरांची मुलगी रोहेकरांच्या घरी द्यायची तर तिच्या आजीला कुणी कागद विचारत नाही.